पुसलेल्या चित्रातील राणी : खुंजा हुमायून आणि निजामशाहीचा कारभार



बेळगावातील शाळेची सहल विजापूरला निघाली म्हणजे गोलघुमट आणि इब्राहिम रोजा यांच्याबरोबर शहराच्या पूर्वेकडील चांद बावडीही मुलांना दाखविली जाते. पहिल्या अली आदिलशहाने ही विहीर इ. स. १५७९ मध्ये बांधविली आणि तिला आपल्या बेगमेचे, चांदबिबीचे नाव दिले. अहमदनगरच्या तटावर मोगलांशी झुंजणारी तीच ही चांदबिबी, एवढे गुरुजी सांगतात आणि मुले वहीत टिपून घेतात. आपणांपैकी अनेकांनी ते टिपले असेल. चांदबिबी ही आपल्या इतिहासातील सर्वमान्य वीरांगना आहे आणि तिच्याविषयी वेगळे व्याख्यान देण्याची गरज नाही.

आज मी तिच्या आईविषयी बोलणार आहे. तिचे नाव खुंजा हुमायून. निजामशहा हुसेनची ती बेगम. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा मुर्तजा याच्या नावाने तिने अहमदनगरचा कारभार काही वर्षे पाहिला आणि शेवटी त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. तिच्या नावाची विहीर नाही, पोवाडा नाही, पाठ्यपुस्तकात धडाही नाही. तिचे एक चित्र मात्र होते, किंबहुना अनेक चित्रे होती, आणि ती पुसण्यात आली. ज्या हस्तलिखितात ती पुसली गेली ते आपल्या पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. मुलगी सर्वांच्या ओठांवर राहावी आणि आई कागदावरूनही नाहीशी केली जावी, असे का घडले असावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

घराणे आणि काळ

बहामनी राज्याचे विघटन होऊन दक्षिणेत ज्या पाच शाह्या उदयास आल्या, त्यांपैकी निजामशाही महाराष्ट्राच्या मातीशी सर्वांत निकट होती. तिचा संस्थापक मलिक अहमद याने इ. स. १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली. त्याचे आजोबा परभणी जिल्ह्यातील पाथरीचे ब्राह्मण होते, अशी हकीकत फिरिश्ता हा इतिहासकार देतो. पाथरीवरून पुढे निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात कलह झाला, त्यामागे या पूर्वजांच्या गावाची ओढही होती असे सांगतात. मलिक अहमदाचा पुत्र बुर्हाण याने कान्हर सेन नावाच्या ब्राह्मणास पेशवेपद दिले होते. जुन्नर, शिवनेरी, दौलताबाद, परांडा, धारूर ही आपल्या परिचयाची स्थळे या राज्याची मर्मस्थाने होती. आपल्याकडील देशमुख-देशपांडे घराण्यांनी आणि पुढे भोसले घराण्यानेही याच दरबाराची चाकरी केली. म्हणून खुंजा हुमायूनची कथा आपल्याला परक्या घरची मानता येणार नाही.

बुर्हाणनंतर इ. स. १५५३ मध्ये हुसेन गादीवर आला. त्याचे भाऊ गादीवर हक्क सांगत होते आणि शेजारी त्यांना हाताशी धरीत होते. निजामशाहीत वारसा निर्वेधपणे चालत आला असे सहसा घडले नाही. राजा मरण पावला की सरदारांचे दोन-तीन तट पडत. इराण आणि मध्य आशियातून आलेले परदेशी, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले दक्खनी आणि आफ्रिकेतून आलेले हबशी असे सरदारांचे गट होते. बहामनी राज्य ज्या वैराने पोखरले गेले, ते वैर वारसाहक्काने पाचही शाह्यांना मिळाले होते.

खुंजा हुमायून ही अशा हुसेनची बेगम. अझरबैजानच्या एका जुन्या राजवंशाशी तिच्या माहेरचे नाते जोडले जाते. तिला हुसेनपासून झालेल्या मुलांपैकी मुर्तजा, बुर्हाण आणि चांदबिबी ही तिन्ही पुढे इतिहासात गाजली. दोन पुत्र निजामशाहीच्या गादीवर बसले आणि मुलीने दोन राज्यांचा कारभार हाकला.

विवाहाने जुळलेली फळी

हुसेनच्या कारकिर्दीचा पहिला काळ मानहानीचा होता. विजयनगरचा सूत्रधार रामराजा, विजापूरचा अली आदिलशहा आणि गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा यांनी मिळून त्याच्या राज्यावर स्वाऱ्या केल्या. खुद्द अहमदनगरला वेढा पडला. कल्याणीचा किल्ला सोडून द्यावा लागला. रामराजासमोर जाऊन त्याच्या हातचा विडा स्वीकारण्याची पाळी हुसेनवर आली. अहमदनगरचा मातीचा कोट पाडून त्याने दगडी तट बांधविला, तो याच अनुभवानंतर.

त्यानंतर चित्र पालटले. रामराजाच्या वाढत्या सामर्थ्याची धास्ती सर्वांनाच वाटू लागली आणि दक्षिणेतील सुलतान एकमेकांकडे वळले. या मैत्रीवर शिक्कामोर्तब झाले ते दोन विवाहांनी. हुसेनची मुलगी चांदबिबी अली आदिलशहास दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. अलीची बहीण हदिया सुलतान हिचा विवाह मुर्तजाशी झाला. एक मुलगी अहमदनगरहून विजापूरला गेली, एक विजापूरहून अहमदनगरला आली. तहनाम्यापेक्षा सोयरीक अधिक टिकेल, असा त्या काळचा समज होता. ही सोयरीकच पुढे आई आणि मुलगी या दोघींवर कशी उलटली, ते आपण पाहणारच आहोत.

जानेवारी १५६५ मध्ये कृष्णेच्या परिसरात, ज्याला आपण तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणतो, ती झाली. हुसेन निजामशहा मध्यभागी होता. रामराजा पकडला जाऊन त्याच्यासमोर आणला गेला आणि हुसेनने त्याचा शिरच्छेद करविला. विजयाचा सर्वांत मोठा मानकरी तोच ठरला. परंतु हा मान त्याला फार काळ लाभला नाही. त्याच वर्षी, लढाईनंतर काही महिन्यांतच, तो अहमदनगर येथे मरण पावला. मुर्तजा गादीवर बसला. तो लहान वयाचा होता आणि राज्यकारभारापेक्षा खेळात व मित्रमंडळींत रमणारा होता. कारभार खुंजा हुमायूनच्या हाती आला.

पडद्याआडचा दरबार

तिचा कारभार साधारणपणे इ. स. १५६५ ते १५६९ असा मानला जातो. काही इतिहासकार तो १५७१ पर्यंत नेतात. मसलती पडद्याआडून चालत, आज्ञा मुर्तजाच्या नावाने निघत, निर्णय मात्र तिचा असे. तिने आपले भाऊ ऐनुल्मुल्क आणि ताजखान यांना मोठ्या जहागिरी देऊन सरदारांच्या पहिल्या रांगेत आणले.

तिचा कारभार अंतःपुरापुरता मर्यादित नव्हता. तालिकोटच्या विजयानंतर दोस्तांची फळी लगेच विसकटू लागली. अली आदिलशहाने विजयनगरच्या उरलेल्या राज्याकडे मोर्चा वळविला. रामराजाच्या वारसदारांनी मदत मागितली ती अहमदनगरकडे, म्हणजेच खुंजा हुमायूनकडे. अवघ्या वर्षभरापूर्वी तिच्या नवऱ्याने रामराजाचे मस्तक उडविले होते. तरीही तिने ही विनंती झिडकारली नाही. विजापूर बेसुमार वाढले तर पुढची पाळी आपलीच, हे तिने ओळखले होते. मुलाला बरोबर घेऊन तिने फौज विजापूरच्या रोखाने हलविली. अलीला मोहीम सोडून माघारी यावे लागले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या विजापूरवर ती चालून गेली, तिथे तिची मुलगी बेगम होती. लेक शत्रूच्या घरी आहे म्हणून तिने राज्याचे हित बाजूस ठेवले नाही.

पुढे अलीशी समेट होऊन दोन्ही राज्यांनी मिळून वऱ्हाडवर स्वारी केली. तिथे इमादशाहीचे नाव पुढे करून तुफालखान सत्ता बळकावून बसला होता. हा समेटही टिकला नाही. विजापूरचा सेनापती किश्वरखान निजामशाही मुलखात घुसला, धारूर येथे त्याने भक्कम ठाणे बसविले आणि आसपासचा महसूल तो वसूल करू लागला. बीड जिल्ह्यातील हा किल्ला ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याचे मोल सांगायला नको. अहमदनगरच्या आग्नेय सरहद्दीत पाचर ठोकली गेली.

किश्वरखानाची ही पाचर खुंजा हुमायूनच्या विरोधकांना हवे असलेले निमित्त ठरली.

पहिला कट आणि दुसरा

सरदारांची तक्रार अशी होती की बेगमेच्या भावांनी उत्तम जहागिरी गिळंकृत केल्या आहेत, फौजेचा खर्च ते करीत नाहीत, त्यामुळे सरहद्द उघडी पडली आहे. तक्रारीत तथ्य असावे. शाह जमालुद्दीन हुसेन, कासिम बेग इत्यादी सरदारांनी तरुण मुर्तजाच्या मनात ही गोष्ट भरविली आणि त्याच्या संमतीने आईला दूर करण्याचा बेत ठरविला. यांतील जमालुद्दीन पुढे अकबराच्या आश्रयाला गेला आणि फारसी शब्दकोशकार म्हणून प्रसिद्धीस आला, हे भाषेच्या अभ्यासकांना ठाऊक असेल.

हा पहिला कट कसा फसला, याची हकीकत फिरिश्ता देतो. ठरल्या वेळी आईने मुलाला काही दुसऱ्याच कारणासाठी आत बोलाविले. कट उघडकीस आला अशी मुर्तजाची समजूत झाली आणि त्याने घाबरून सर्व काही आईपाशी ओकून टाकले. कटवाल्यांपैकी काही पळाले, काही कैदेत पडले. आईने मुलाला शिक्षा केली नाही. तिने त्याला गादीवरून काढले नाही, की धाकट्या बुर्हाणला पुढे केले नाही. निजामशाहीत, किंबहुना त्या काळच्या कोणत्याही राज्यात, आपल्याविरुद्ध कट करणाऱ्या राजाला बाजूला सारून दुसरा अल्पवयीन वारस बसविणे मुळीच अपूर्व नव्हते. बुर्हाण तिच्या हाताशी होता. तिने तो मार्ग घेतला नाही. तिच्या सत्तालोभाविषयी जे लिहिले गेले आहे, ते वाचताना हा प्रसंग विसरता कामा नये.

दुसरा कट फसला नाही. किश्वरखानावर मोहीम निघाली होती आणि छावणी वाटेत होती. मुर्तजाने या वेळी पुरती तयारी केली आणि हबशखान नावाच्या सरदारास आईला अटक करण्यासाठी धाडले. फिरिश्त्याच्या कथनानुसार ती निमूटपणे स्वाधीन झाली नाही. बुरखा घेऊन, कमरेला तलवार व खंजीर लावून ती घोड्यावर स्वार झाली आणि प्रतिकारास उभी राहिली. हबशखानाने तिचा हात धरला तेव्हा तिने खंजीर उपसला. त्याने तो हिसकावून घेतला आणि तिला पालखीत घालून कैदेत नेले. तिच्या भावांचा पक्ष त्याच दिवशी विखुरला. त्यानंतर मुर्तजा धारूरवर गेला, लढाईत किश्वरखान मारला गेला आणि किल्ला हाती आला. आईला कैद करणारा मुलगा विजयी वीर म्हणून राजधानीत परतला. खुंजा हुमायून राजकारणातून कायमची नाहीशी झाली.

साक्षीदारांची पारख

हे सारे आपल्याला कळते ते मुख्यतः दोन ग्रंथांवरून. मुहम्मद कासिम फिरिश्ता मुर्तजाच्या दरबारी नोकरीस होता. १५८९ मध्ये तो विजापूरला गेला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला इतिहास लिहिला. दुसरा ग्रंथ सय्यद अली तबातबा याचा ‘बुर्हान-इ-मआसिर’. तो दुसऱ्या बुर्हाण निजामशहासाठी लिहिला गेला. बुर्हाण हाही खुंजा हुमायूनचाच मुलगा. म्हणजे तिच्याविषयीची एक साक्ष तिला कैद करणाऱ्याच्या एकेकाळच्या चाकराची, दुसरी तिच्या धाकट्या मुलाच्या आश्रिताची. दोघेही तिच्या पतनानंतर लिहीत होते आणि दोघेही परदेशी सरदारांच्या वर्तुळातील होते. तिची स्वतःची बाजू मांडणारा बखरकार तिला मिळाला नाही.

याचा अर्थ फिरिश्ता खोटे लिहितो, असा नाही. त्याच्याच लेखणीने तिच्या हाती खंजीर दिला आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याने लावलेली मापे तपासायला हवीत. तिच्यावरील आरोप तीन : भावांवर मेहेरबानी, फौजेकडे दुर्लक्ष आणि सरहद्दीची हानी.

पहिल्या आरोपाकडे पाहू. पुरुष राजाभोवती त्याचे शाहजादेपणापासूनचे सोबती असतात, त्याने वाढविलेले सरदार असतात, रणात त्याच्याबरोबर घोडदौड केलेले शिपाई असतात. पडद्याआड बसणाऱ्या राणीला यांतले काय उपलब्ध होते? जिला रणांगणावर सरदार जोडता येत नाहीत, तिला विश्वासाचा माणूस एकाच ठिकाणी सापडतो, आणि ते ठिकाण म्हणजे माहेर. तिचे भाऊ लोभी असतील, तसे दिसतेही. पण भावांवर विसंबणे हा तिचा स्वभावदोष मानण्याऐवजी ती तिच्या स्थानाची अडचण मानणे अधिक न्याय्य होईल.

उरलेल्या दोन आरोपांचे उत्तर पुढील घटना देतात. मुर्तजाने कारभार हाती घेतल्यावर राज्याचे काय झाले? १५७० मध्ये त्याने पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला. त्याच वेळी अली आदिलशहाने गोव्याला घातला होता. दोन्ही वेढे १५७१ मध्ये निष्फळ ठरले. १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकले गेले, हे त्याचे खरे यश; पण त्या यशाचा शिल्पकार असलेला पेशवा चंगीजखान लवकरच राजाच्या संशयाला बळी पडून विषप्रयोगाने मेला. नंतर मुर्तजा वर्षानुवर्षे एकांतात बसून राहिला, सत्ता मर्जीतल्या माणसांच्या हाती गेली आणि लोक त्याला ‘दीवाना’ म्हणू लागले. १५८८ मध्ये त्याचा स्वतःचा मुलगा मिरान हुसेन याने त्याला ठार केले. पुढच्याच वर्षी मिरान हुसेनही मारला गेला. आईला कैद करणाऱ्या मुलाचा अंत मुलाच्याच हातून झाला, यात कोणी दैवी न्याय शोधील. मला त्यात एवढेच दिसते की राज्याचा रोग बेगमेच्या कारभारात नव्हता. ती गेल्यानंतरही तो बरा झाला नाही. मर्जीतल्या माणसांना जहागिरी वाटण्याचा दोष मुर्तजाने आईपेक्षा शतपटीने केला. परंतु तो पुरुषाच्या राज्यकारभाराचा दोष आहे, असे त्याच्या इतिहासकारांनी म्हटले नाही.

हस्तलिखिताची साक्ष

आता त्या चित्रांकडे वळू. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे आफताबी नावाच्या कवीचे फारसी काव्य. हुसेन निजामशहाची स्तुती, बेगमेच्या सौंदर्याचे वर्णन, त्यांचा विवाह आणि तालिकोटचा विजय असे त्याचे विषय आहेत. लढाईचे वर्णन आहे म्हणजे ते १५६५ नंतरचे. आणि बेगमेला इतके अग्रस्थान आहे म्हणजे ते तिच्या कारभाराच्या काळातले, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. पुण्याच्या मंडळाने हे काव्य १९८७ मध्ये डॉ. गो. त्र्यं. कुलकर्णी आणि डॉ. म. श्री. माटे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केले. मूळच्या चौदा चित्रांपैकी बारा आज शिल्लक आहेत आणि निजामशाही चित्रकलेचा तो सर्वांत जुना ज्ञात नमुना मानला जातो.

दरबारी स्तुतिकाव्यात राजाच्या बेगमेचे एवढे वर्णन येणे आणि चित्रांत ती राजाशेजारी सिंहासनावर दाखविली जाणे, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. ही तिची स्वतःची इच्छा होती असे मानायला जागा आहे. मृत नवऱ्याच्या शेजारी बसून ती जणू सांगत होती की या राज्यावरील माझा अधिकार परका नाही, तो या आसनावरूनच आलेला आहे. एका चित्रात तर आपल्या संस्कृत काव्यातील दोहदाचा संकेत आला आहे : सुंदर स्त्रीच्या पदस्पर्शाने वृक्षाला बहर येतो. फारसी काव्य, शिया राजघराणे आणि अशोकाला लाथेने फुलविणारी कालिदासाच्या परंपरेतील नायिका एकाच पानावर भेटतात. दक्खनची संस्कृती कशी घडत होती, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पण ही चित्रे जवळून पाहणाऱ्याला धक्का बसतो. राजा आपल्या जागी आहे. भोवतीच्या दासी आपापल्या जागी आहेत, त्यांची वस्त्रे आणि दागिने रेखीव आहेत. राजाच्या शेजारी जिथे बेगम असायला हवी, तिथे रंगाचा लेप आहे. बहुतेक चित्रांत तिची आकृती अशी झाकून टाकली आहे. कुठे लेपाखालून तिची बाह्यरेषा अंधुक दिसते. स्त्रीचे चित्रण निषिद्ध मानणाऱ्या एखाद्या सोवळ्या हाताचे हे काम असते, तर दासींचीही तीच गत झाली असती. तसे झालेले नाही. कुंचला नेमका एकाच व्यक्तीवर फिरला आहे. तिच्या पतनानंतरचे हे कृत्य आहे, असे अभ्यासक मानतात, आणि ते पटण्याजोगे आहे.

पुसणाऱ्याने आणखीही काही करता आले असते. तो हस्तलिखित जाळू शकला असता, पाने फाडू शकला असता. त्याने राजा ठेवला, काव्य ठेवले आणि फक्त तिला काढले. काव्यातील वर्णन मात्र शिल्लक राहिले. त्यामुळे आजचा वाचक शब्दांत तिला पाहतो आणि चित्रांत तिची रिकामी जागा पाहतो. निरुपद्रवी माणसाचे चित्र पुसण्याचे कष्ट कोणी घेत नाही. तिच्या कारभाराचे महत्त्व सांगणारा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

आई आणि मुलगी

आता पुन्हा चांदबिबीकडे येऊ. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला आणि त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला. कारभार चांदबिबीकडे आला आणि आईच्या वाट्याला आलेले सारे तिच्याही वाट्याला आले. आधी कामिलखानाने सत्ता बळकाविली. मग किश्वरखान नावाच्याच दुसऱ्या एका सरदाराने. या किश्वरखानाने तिच्यावर आरोप ठेवला तो असा, की ती आपला भाऊ मुर्तजा याला विजापूरवर स्वारी करण्यास चिथावीत आहे. त्या आरोपावरून तिला साताऱ्याच्या किल्ल्यात बंदिवासात धाडण्यात आले.

आईचा अपराध भावांवर मेहेरबानी आणि मुलीचा अपराध भावाशी संधान! दोघींच्याही बाबतीत माहेर हेच शस्त्र म्हणून वापरले गेले. त्यातही दैवदुर्विलास असा की ज्या भावाशी संधान बांधल्याचा ठपका चांदबिबीवर आला, त्याच भावाने तिच्या आईला कैदेत टाकले होते. दोन राज्ये जोडावीत म्हणून मुलगी दिली जाते आणि राज्ये भांडू लागली की तिला दोन्हीकडून परकी ठरविले जाते, ही त्या सोयरिकींची दुसरी बाजू होय.

चांदबिबी साताऱ्याहून सुटली, पुढे अहमदनगरला परतली, आणि १५९५ च्या डिसेंबरात शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने वेढा घातला तेव्हा नगरच्या तटावर उभी राहिली. सुरुंगाने पडलेले खिंडार तिने रातोरात बुजविले. वऱ्हाड देऊन तिने १५९६ मध्ये राजधानी वाचविली. तिथेही सरदारांचे चार तट होते आणि प्रत्येकाचा वेगळा वारस होता. तिने अर्भक बहादूरचा पक्ष धरला. १६०० मध्ये दुसरा वेढा पडला. किल्ल्याचा बचाव अशक्य आहे हे पाहून तिने बोलणी करण्याचा विचार मांडला, तेव्हा ती शत्रूला फितूर झाली अशी हूल उठवून तिच्याच माणसांनी तिला ठार मारले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

चांदबिबीची स्मृती उजळ राहिली, याचे कारण तिचा पराक्रम हे तर आहेच. पण दुसरेही कारण आहे. तिचा शेवटचा शत्रू बाहेरचा होता आणि तिचा मृत्यू तटाच्या आत, लढाईच्या ऐन मध्ये झाला. अशा मृत्यूची कथा सांगणे सोपे असते. खुंजा हुमायूनचा शत्रू तिचा मुलगा होता आणि तो विजयी झाला. मुलाचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यांना आईला दोषी ठरविल्याशिवाय मुलाला निर्दोष ठरविता येत नव्हते. हा प्रश्न एका घराण्यापुरता नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाच्या हयातीत मराठी राज्य तोलून धरले; तरी १७१४ मध्ये त्यांना आणि त्यांच्या पुत्राला पन्हाळ्यावर नजरकैदेत राहावे लागले, आणि ‘सत्तालोभी’ हा शब्द त्यांच्या नावामागे दीर्घकाळ लागून राहिला. अलीकडच्या संशोधनाने तो बराचसा पुसला आहे. ताराबाईंना कागदपत्रे मिळाली, अभ्यासक मिळाले. खुंजा हुमायूनला मिळाली ती झाकलेली चित्रे.

समारोप

मी तिला निर्दोष ठरवीत नाही. तिचे भाऊ राज्याला भार झाले, धारूर तिच्या काळात गेले, फौजेची आबाळ तिच्या काळात झाली. यांतून तिची सुटका करता येणार नाही आणि करूही नये. माझे म्हणणे इतकेच आहे की तिचा न्याय तिच्या मुलाला लावलेल्या मापानेच व्हावा. त्या मापाने पाहिले तर दिसते ती एक हिशेबी, करारी कारभारीण. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने राज्य विस्कळीत होऊ दिले नाही, लेक समोर असतानाही विजापूरला अडविले, विरुद्ध उठलेल्या मुलाला पहिल्या वेळी क्षमा केली आणि दुसऱ्या वेळी खंजीर हाती घेतल्यावाचून ती शरण गेली नाही.

ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शिक्षक होते आणि समोर बसलेल्यांपैकीही अनेक जण शिक्षक आहेत. म्हणून शेवटी एक विनंती करतो. पुढच्या वर्षी शाळेची सहल विजापूरला जाईल. चांद बावडीच्या पायऱ्यांवर मुले उभी राहतील. तेव्हा चांदबिबीची गोष्ट नेहमीप्रमाणे सांगा, आणि ती संपली की आणखी दोन मिनिटे घेऊन सांगा की हिला एक आई होती, तिनेही एक राज्य सांभाळले होते आणि तिचे चित्र पुण्यात आहे. चित्रात ती का दिसत नाही, असे एखादी मुलगी विचारील. तिथून तिचा इतिहासाचा अभ्यास सुरू होईल.